काकीची इंजेक्शनं

सायकलवाली म्हटलं की लोकांना वाटतं, ही कशालाच घाबरत नसेल. घाटाच्या उतारावर मी ब्रेकला हात लावत नाही, हे खरं आहे. पण सुई? सुई दिसली की माझे हातपाय गार पडतात. लहानपणी लस टोचायला आलेल्या बाईच्या मनगटाला मी चावले होते, आई अजून पाहुण्यांना ते रंगवून सांगते. हे आधीच सांगून टाकते, कारण मला स्वतःला टोचून घेता आलं असतं तर पुढचं सगळं रामायण काकीच्या दारात गेलंच नसतं.

काकी आमच्या नात्यातली कोणी नाही. लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, आमच्यापासून तिसऱ्या खोलीत राहते. तेव्हा परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. गिरणी बंद पडल्यावर तिचे यजमान खचले आणि लवकर गेले. त्या एका नोकरीवर तिने दोन मुली शिकवल्या, त्यांची लग्नं लावून दिली. चाळीत कोणालाही डॉक्टरने इंजेक्शनं लिहून दिली की ती टोचणार काकी. सकाळी ड्युटीला निघायच्या आधी तिच्या दारात दोन-तीन माणसं बाही वर करून उभीच असायची. चहासुद्धा घ्यायची नाही कोणाचा.

तिची एक पद्धत होती. चष्मा लावायचा, बाटली गॅलरीतल्या उजेडात धरायची, आणि औषधाचं नाव, किती ताकदीचं, कुठल्या तारखेपर्यंत चालेल, हे सगळं खणखणीत आवाजात वाचायचं. पेशंटने ऐकून हो म्हटलं, की मग सुई. घाईत असली तरी वाचायची. समोरचा तापाने फणफणलेला असला तरी वाचायची. आम्ही पोरी लपून तिची नक्कल करायचो.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. राज्यातल्या स्पर्धा जिंकायचे, पण नॅशनलला गेलं की चौथी नाहीतर पाचवी. चौथ्या नंबरासारखं वाईट काही नाही बघा. पाचवीला निदान झोप तरी लागते. पहाटे लालबागहून निघून नरिमन पॉइंटपर्यंत चकरा, संध्याकाळी भाड्याच्या खोलीत ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, घाम, मधे नोकरी. वर्षानुवर्षं हेच. मग सरांनी, म्हणजे माझ्या कोचने, एक दिवस सहज सांगावं तसं सांगितलं की तुझ्यात कमी काही नाही, फक्त रक्त कमी पडतं. त्यांनी एका थर्मासमध्ये बर्फात घालून छोट्या छोट्या बाटल्या दिल्या. आठवड्यातून दोनदा, कातडीखाली. कोणाला नाव कळता कामा नये, लेबल काढून टाक, असंही म्हणाले.

पुढे पुष्कळांनी माझी कीव केली, बिचारी फसली म्हणून. अजिबात फसले नव्हते. रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं ते औषध कशासाठी असतं आणि आमच्या खेळात त्यावर बंदी का आहे, हे मला पाठ होतं. सरांनी मला ओढून नेलं नाही, मी माझ्या पायांनी चालत गेले. आंघोळीच्या गरम पाण्यात बाटल्या बुडवून मी नखांनी लेबलं खरवडली. आईला सांगितलं, शक्तीची इंजेक्शनं आहेत. फ्रिजमध्ये कोकमाच्या बाटलीमागे ठेवून दिली.

आणि गेले काकीकडे.

काकीने चष्मा लावला, बाटली उजेडात धरली आणि फिरवून बघितली. लेबल कुठे गेलं, विचारलं. मी म्हटलं, बर्फात भिजून निघालं, बी-ट्वेल्व्ह आहे, सरांनी बाहेरून मागवलंय, कातडीखाली द्यायला सांगितलंय. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मी गॅलरीच्या कठड्याकडे बघत होते. मग तिने काही न वाचता सुई भरली. पाच आठवडे, दहा वेळा तिने मला टोचलं. दर वेळी माझं लक्ष उडवायला काहीतरी बोलायची, बाजारात कोळणीशी झालेलं भांडण, नाहीतर तिच्या वॉर्डातली एखादी गंमत. मला टोचलेलं कळायचंही नाही.

त्या नॅशनलला मी दुसरी आले. चढावर पाय दुखायचे थांबतात म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. इतकं सोपं वाटलं की मला मनातून थोडी भीतीच वाटली. शर्यत संपताच एक बाई गळ्यात ओळखपत्र घालून माझ्यामागे आली आणि लघवीचा नमुना देईपर्यंत मला सोडेना. संडासाचं दारही लावू देईना, समोर उभी राहून बघत होती. माझ्या आईने तरी मला असं कधी निरखलं असेल का? मी तिच्यावर जाम उखडले. ती बिचारी तिचं काम करत होती.

काही आठवड्यांनी ईमेल आला. नमुन्यात औषध सापडलं. तात्पुरती बंदी आजपासून, चौकशी होईल, म्हणणं काय ते लेखी कळवा, ठरल्या तारखेच्या आत. औषध शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, हा नियम. पूर्ण शिक्षा चार वर्षांची. चार वर्षांनी मी बत्तीसची. मी जिन्यात बसून ते वाचलं आणि तिथूनच सरांना फोन लावला.

सरांनी दोन दिवसांत मार्ग काढला. इंग्रजीत टाइप केलेला कागदच आणून दिला. त्यात असं होतं की मला अशक्तपणा होता, शेजारच्या नर्सने कळवळ्याने तिच्या हॉस्पिटलमधून हे औषध आणून मला टोचलं, मला ते व्हिटॅमिन वाटलं. म्हणजे माझी चूक जवळपास नाही, शिक्षा खूपच कमी होईल. सरांचं नाव त्यात कुठेच नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं. पण त्या वेळी बुडणाऱ्याने काय धरायचं याची निवड करावी, एवढी मी मोठ्या मनाची नव्हते. सर म्हणाले, तुझ्या काकीला आधी सांगून ठेव, उद्या तिला कोणी फोन केला तर तिने हो म्हटलं पाहिजे.

विचार करा, मी खरंच गेले सांगायला. काकीच्या रिटायरमेंटला तीन महिने उरले होते. हॉस्पिटलातलं औषध चोरल्याचा ठपका म्हणजे पेन्शन अडकलीच, वर पोलीसही. हे मला कळत होतं, आणि तरी मी कागदाची घडी घालून रविवारी सकाळी तिच्या दारात उभी राहिले.

ती खाली बसून कोळंबी सोलत होती. मी कागद पुढे केला. तिने वासाचे हात दाखवले आणि म्हणाली, "वाच गो तूच. मोठ्यांदा वाच."

मी इंग्रजी भराभर वाचायला लागले, तर म्हणाली, मराठीत सांग. आता काय करणार? मी म्हटलं, मला अशक्तपणा आला होता. मग म्हटलं, तेव्हा माझ्या शेजारी राहणाऱ्या… आणि गाडी अडकली. तिने हातातली कोळंबी पूर्ण सोलली, धागा काढला, आणि म्हणाली, पुढे. मी वाचलं. हॉस्पिटलमधून आणून, म्हटलं. औषधाचं नाव आलं तेव्हा तिचे हात थांबले.

ते नाव तिला रोजचं होतं. किडनी गेलेल्या माणसांना देतात ते. तिच्या वॉर्डातल्या पेशंटचे नातेवाईक तिला गाठून विनवतात, सिस्टर, एक बाटली कुठून तरी बघा ना. आणि ती रोज नाही म्हणते, कारण स्टॉकमधली एक बाटली हलली तरी ती कोणाच्या तरी वाट्याची असते. हे तिने मला शांतपणे सांगितलं. मग म्हणाली, "त्यांना मी नाही म्हणते. आणि तू लिवलंस, तुझ्यासाठी मी चोरलं."

इथे मी रडून तिच्या पायाशी बसले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, तुझं काय जातंय, तीन महिन्यांनी तू घरीच बसणार आहेस, माझं अख्खं आयुष्य पडलंय. हे मी बोलले. शेजारच्या खोलीतला टीव्ही कोणीतरी बंद केला, म्हणजे तिथेही ऐकू गेलं. काकीने आवाज चढवला नाही. ती एवढंच म्हणाली, मी टोचलं हे खरं आहे, ते ठेव. मी आणलं हे खोटं, ते काढ. आणि लेबल कोणी खरवडलं ते घाल. मग पुन्हा कोळंबीला लागली.

दोन दिवस मी तिच्या खोलीसमोरून गेले नाही, जिना चढायला चाळीच्या दुसऱ्या टोकाने फेरा घालायचे. रागात होते. तिसऱ्या दिवशी मात्र ऑफिसात डबा उघडला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेचना. त्या इंजेक्शनांच्या वेळी तिने सांगितलेली कोळणीची भांडणं आठवायला लागली. मला सुईची भीती वाटते म्हणून ही बाई दर वेळी नवीन भांडण शोधून ठेवायची. त्या संध्याकाळी मी हाताने नवा जबाब लिहिला. सगळं मला माहीत होतं, लेबलं मी काढली, औषध कोचने दिलं. फक्त एक केलं, काकीचं नाव गाळलं. नुसतं "एका शेजारणीने टोचलं" असं लिहिलं. सरांना कळवलं, तर त्यांनी फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. त्यानंतर त्यांनी माझा नंबर ब्लॉक केला. पुढे त्यांच्यावरही बंदी आली.

निकाल आधीच सांगून टाकते, उगाच ताणत नाही. लगेच कबुली दिली म्हणून चाराची तीन वर्षं झाली. मेडल परत गेलं, मूळ तिसरी आलेली मुलगी दुसरी झाली, आणि तिने मला एका ओळीचा मेसेज पाठवला, तो मी जपून ठेवलाय. तीन वर्षांनंतर मी एकच नॅशनल चालवली आणि सातवी आले. पाय प्रत्येक चढावर दुखले. इतका आनंद मला त्या दुसऱ्या नंबराने दिला नव्हता, शप्पथ.

पण मला सांगायचंय ते सुनावणीचं. व्हिडिओ कॉलवर होती. आमच्या खोलीत आईचा जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून काकी म्हणाली, माझ्याकडे बस. टेबलावर लॅपटॉप, समोर मी, आणि कॅमेऱ्यात येणार नाही अशी बाजूला स्टुलावर काकी. स्क्रीनवर तीन माणसं. त्यांनी नीट, सभ्यपणे सगळं विचारलं. मग विचारलं, ही शेजारीण कोण? मी म्हटलं, नाव सांगणार नाही. ते म्हणाले, माहिती दडवली तर कबुलीची सवलत जाऊ शकते. मी म्हटलं, जाऊ दे. छाती अशी भरून आली होती माझी. किती दिवसांनी मी स्वतःला बरी वाटत होते.

तेवढ्यात स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि काकी माझ्या खांद्याला खांदा लावून कॅमेऱ्यात. तिने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, खोली नंबर सांगितला, हॉस्पिटलचं नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं. मग म्हणाली, "दहाही वेळा मी टोचलं. लेबल नव्हतं. पोरगी माझ्याकडे बघत नव्हती. मला तेव्हाच शंका आली होती. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आमची पोर, म्हणून विचारलं नाही."

मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही स्वतःला कबूल केलं नव्हतं, पण त्या पहिल्या सकाळी कठड्याकडे बघत मी याचीच वाट बघत होते. तिने विचारावं, याची. दहाही वेळा. हे तिला कळलं होतं, आणि तेवढा वाटा तिने आपल्या अंगावर घेतला. मी तिच्यावर टाकायला गेले होते त्याहून तो लहान होता, पण खरा होता.

कॉल संपला तशी मी तिच्यावर ओरडले. कशाला बोललीस, मी लपवलं होतं ना, तुला काही झालं नसतं! तिने स्टूल जागेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः मेट्रनला जाऊन हे सगळं सांगणार होती आणि सांगितलंही. तिला मेमो मिळाला, चौकशी झाली, पेन्शनचे कागद पाच महिने रखडले. त्या पाच महिन्यांत तिने त्याचा एकदाही उच्चार केला नाही. पण त्या क्षणी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी नुसती रडत होते आणि भांडत होते.

तिने पदराने माझं तोंड पुसलं.

"तू नाव लपवलंस, माका बरां वाटला," ती म्हणाली. "पण तुझ्या लपवण्यावर मी म्हातारपणी जेवू काय गो?"