प्रांतपालांच्या शुभहस्ते

आमच्या सेवा क्लबात पैसे जमवणं तसं अवघड नव्हतं, गरजू माणूस शोधणंही नव्हतं. अवघड होतं ते हात मिळवणं. फ्लेक्सवर 'शुभहस्ते' असं ठळक छापतात ना, तो हात. आमचा स्वतःचा हात तिथे चालत नसे. सांगलीत राहून आम्ही वर्षभर राबायचं आणि वस्तू द्यायची ती मात्र बाहेरून कुणी मोठा माणूस आला की. त्यातही वर्षातून एकदा प्रांतपाल यायचे. प्रांतपाल म्हणजे आसपासच्या सगळ्या क्लबांचे त्या वर्षाचे प्रमुख. ते येणार म्हटलं की शिलाई मशिनं, सायकली, पांढऱ्या काठ्या, जे असेल ते आधीचे दोन-तीन महिने दाबून ठेवायचं आणि त्यांच्या भेटीच्या दिवशी एका दमात वाटायचं. त्यामुळे अहवाल भरल्यासारखा दिसतो. यात कुणाला काही गैर वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं, उगाच खोटं कशाला सांगू?

मी तेव्हा क्लबाची सचिव होते. त्याआधी उभा जन्म शाळेत गेला, वर्गावर आणि परिपत्रकांत. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंती बघण्यापेक्षा समाजसेवा बरी, म्हणून गेले. सगळे मला 'बाई' म्हणत आणि थोडे दबून असत, कारण माझी जीभ तिखट आहे. पण माझा राग फार आज्ञाधारक आहे. तो आधी भांडतो आणि मग सांगितलेलं काम निमूट करतो. हे मला स्वतःबद्दल त्याच वर्षी कळलं.

त्या हिवाळ्यात आम्ही हुरडा पार्टी ठेवली होती. एका सभासदाच्या शेतात आगट्या पेटवल्या, गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी, वर पोरांसाठी बैलगाडीची फेरी. कुपनं खपवायला मी घरोघर हिंडले. "घ्या हो, गरिबांच्या कानांसाठी आहे," असं म्हणायचे. लोक हसत घ्यायचे. एक वकील म्हणाले, "बाई, हुरडा खायचा आमच्या तोंडानं आणि ऐकू यायचं दुसऱ्याला, हे बरं आहे." गरिबांसाठी पोटभर खाण्याची ही सोय मला तेव्हा फार आवडली होती. पार्टी छान झाली आणि त्यातून ऐकू न येणाऱ्यांसाठी कानाची यंत्रं घ्यायचं ठरलं.

तपासणीचं शिबिर आटपाडीच्या पलीकडे एका वाडीत, शाळेच्या खोल्यांत घेतलं. तिकडचा मुलूख कोरडा. बहुतेक धनगरांची घरं, पूर्वी मेंढरांमागं रानोमाळ फिरणारी, आता थोडी शेतीही करणारी. कान तपासणारी डॉक्टर मुलगी एकेकाला आत घेई, यंत्र लावून बघे, माप जमलं की यंत्र काढून डब्यात घाली, आणि मी डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवी.

त्यात एक म्हातारा होता. उंच, ताठ, डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडी. सोबत सून. त्याला काही विचारलं की तो हसून "व्हय, व्हय" म्हणायचा. नाव काय? व्हय. जेवलात का? व्हय. वय किती? व्हय. आम्ही हसलो. सून हसली नाही. ती म्हणाली, "ऐकू येत न्हाई म्हनून तसं म्हनत्यात. कुनाला वाईट वाटू नये म्हनून."

डॉक्टर मुलीनं यंत्र लावलं आणि त्याच्या पाठीमागे जाऊन हळूच विचारलं, "आजोबा, मेंढरं किती आहेत?" म्हातारा गर्रकन वळला. "आता कुठली मेंढरं? इकली समदी." मग बसल्या जागी मान फिरवून खोलीभर बघत राहिला. पंखा वाजत होता, तो त्यानं बोट करून सुनेला दाखवला. बाहेर शेळी ओरडली तर उठून खिडकीशी गेला. मला म्हणाला, "बाई, आमची म्हातारी पडून हाय. छातीत पानी झालंया. आदी असा आवाज हुता तिचा, वाडीच्या ह्या टोकाला बोलली तर त्या टोकाला कळायचं. मला बी ऐकू यायचं. आता आवाजच उटंना. बोलती, पर मला काय कळत न्हाई. आता कळंल."

आणि मग डॉक्टर मुलीनं यंत्र काढून घेतलं. पद्धतच होती तशी. म्हाताऱ्यानं हात पुढे केला, त्याला वाटलं पुसून परत देणार. मी डबा घेतला, चिठ्ठी चिकटवली आणि पिशवीत टाकला. सुनेला सांगितलं, "कार्यक्रमात देऊ. प्रांतपाल येणार आहेत. तारीख कळवू." सुनेनं त्याला खुणेनं समजावलं. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "व्हय."

ते सगळे डबे माझ्या घरी, कपड्यांच्या कपाटात ठेवले होते. किल्ली माझ्याकडे.

प्रांतपालांचा शिरवळला कारखाना. माणूस कामाचा, पण बोलावणी फार. पहिली तारीख ठरली, ती साताऱ्यातल्या कुणाच्या तरी लग्नामुळे गेली. दुसरी कारखान्यात काही पाहणी निघाल्यामुळे गेली. इकडे सुनेचे फोन सुरू झाले. पहिल्यांदा दबकत, "आवं बाई, ते मशीन कवा मिळंल?" मी म्हणाले, लवकरच. आठ दिवसांनी परत. "आत्यास्नी लय बोलायचं आसतंया. मामा नुसतं मान हालवत्यात. मग आत्या रडत्यात." सासूला ती आत्या म्हणायची आणि सासऱ्याला मामा. मी म्हणाले, आता आलीच तारीख. "तुम्ही सांगा की त्यांना, त्यांच्या कानाशी मोठ्यानं," असंही म्हणाले. ती म्हणाली, "मी सांगते म्हनलं तर आत्या मला न्हाई सांगत. म्हनत्यात, माझं त्येंच्यासंगं हाय."

मी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष म्हणजे हार्डवेअरचे दुकानदार. माणूस अजिबात वाईट नाही, कुणाच्या अडीअडचणीला रात्री-अपरात्री धावेल. मी म्हटलं, "एक यंत्र मी आधी पोचवते." ते म्हणाले, "बाई, तुमचं मन मला कळतं. पण एकाला आधी दिलं तर बाकीचे म्हणणार, आम्ही काय घोडं मारलं? आणि प्रांतपालांना यादी गेलीय. स्टेजवर एक डबा कमी पडला तर कसं दिसेल?" मी खूप बोलले. डब्यांची पूजा करता का, असंही म्हणाले. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आठ दिवस थांबा." मी फोन आपटला आणि आठ दिवस थांबले.

मग एका मंगळवारी मला राहवेना. सकाळी कपाट उघडलं, म्हाताऱ्याचा डबा काढला, पर्समध्ये टाकला आणि एसटी स्टँडवर जाऊन आटपाडीच्या गाडीत बसले. खिडकीची जागा मिळाली. म्हटलं, अध्यक्ष काय करणार आहेत, पद काढून घेणार? घेऊ देत. गाडी सुटायच्या आत क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. प्रांतपालांची भेट येत्या रविवारी, नक्की. खाली सगळ्यांचे अंगठे आणि फुलं. आणि लगेच अध्यक्षांचा फोन. "बाई, झालं बघा तुमच्या मनासारखं. आजच सगळ्या लाभार्थ्यांना कळवा, सभागृह बघा, हार-तुऱ्यांचं बघा."

मी हिशेब केला तो दिवसांचा. आज मंगळवार, रविवार पाच दिवसांवर. इतके दिवस गेले, अजून पाच. आणि कामं तर डोंगराएवढी. कंडक्टर तिकीट फाडायला यायच्या आत मी खाली उतरले. कुणी मला उतरवलं नाही. हे मी नंतर खूपदा घोळवून पाहिलं, कुणाच्या तरी माथी मारता येतं का म्हणून. येत नाही. मी माझ्या पायांनी उतरले, घरी आले आणि डबा कपाटात ठेवला. सुनेला फोन करून सांगितलं, रविवारी या. ती म्हणाली, "बरं झालं बाई, लय बरं झालं."

शनिवारी सकाळी तिचाच फोन आला. "मामा उद्या येनार न्हाईत. आत्या काल गेल्या. घरात सुतक हाय." मी म्हणाले, "अरेरे." ती म्हणाली, "तुमी वाट बघत ऱ्हाशीला म्हनून सांगितलं."

रविवारचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रांतपालांचा परिचय दोन पानांचा, तो मीच लिहिला होता आणि मीच वाचला. एकेक नाव पुकारायचं, म्हातारे-म्हाताऱ्या काठी टेकत वर यायचे, डबा, फोटो, टाळ्या. माझ्या यादीतलं ते नाव खोडायचं राहिलं होतं. माझ्याच तोंडून ते पुकारलं गेलं. कुणीच उठलं नाही. प्रांतपाल डबा हातात धरून उभे. मग अध्यक्ष प्रसंगावधान राखून स्वतःच पुढे झाले आणि म्हाताऱ्याच्या वतीनं त्यांनी यंत्र स्वीकारलं. फोटो झाला, टाळ्याही झाल्या. जेवणं सुरू झाल्यावर मी अध्यक्षांना म्हातारी गेल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी तो डबा माझ्या हातात दिला. "बाई, हे आता तुम्हीच पोचवा सवडीनं. आणि देताना एक फोटो तेवढा काढा, अहवालाला लागेल." आता माझा हात चालणार होता. मला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं, पण त्यांचे डोळे खरंच ओले होते. मी डबा घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

तेरावा झाल्यावर मी गेले. या खेपेला गाडीतून उतरले नाही. घर वाडीच्या कडेला, पुढे पत्र्याची पडवी, बाजूला डाळिंबाची चार झाडं. म्हातारा पडवीत बाजेवर बसला होता. मुंडासं नव्हतं, डोकं तासलेलं, त्यामुळे तो उंच माणूस एकदम लहान दिसत होता. मला बघून त्यानं हात जोडले. सुनेनं पाणी आणलं. मी डबा उघडला आणि डॉक्टर मुलीनं दाखवलं होतं तसं यंत्र त्याच्या कानात बसवलं.

सून म्हणाली, "मामा, येतंय का ऐकू?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "तुजा आवाज आसा हाय व्हय गं?" ती लग्न होऊन आली तेव्हाच त्याचे कान मंदावले होते. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. फोटोची मला आठवण होती, पण फोन पर्समधून काढला नाही.

बराच वेळ तो कोंबड्यांकडे बघत बसला. मग मला म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या हाय. एक इचारू?"

मी म्हणाले, "विचारा."

"ती शुकरवारी गेली. बेस्तरवारी दुपारी तिनं समद्यास्नी भाईर घालवलं. सुनंला बी. माझा हात धरला आन बोलाय लागली. लय येळ बोलली. मला व्हट हालत्यात तेवढं दिसायचं. मी आपलं व्हय, व्हय म्हनत हुतो. ऐकू येत न्हाई म्हनून किती डाव सांगायचं? तिला तरास. मदीच बोलायची थांबली आन माझ्या तोंडाकडं बगत ऱ्हायली. कायतरी इचारलं आसंल. मी व्हय म्हनलो. तवा हसली. चांगली हसली, बरं का. मग डोळं मिटलं, ते काय उगडलं न्हाईत."

आतून भांड्यांचा आवाज आला, त्यासरशी त्यानं दचकून तिकडे पाहिलं आणि परत माझ्याकडे वळला.

"हसली म्हंजी तिच्या मनातलं कायतरी मी कबूल केलं. कबूल केलं तर ते करायला नगो का? पर मी कशाला व्हय म्हनलो, बाई? कुनाला इचारू?"

सून दारात येऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली. तिलाही बाहेर पाठवलं होतं, आणि दाराबाहेर ऐकू जावं एवढा आवाज त्या बाईला राहिलाच नव्हता.

म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. बॅटरी संपली की कशी बदलायची, ते तेवढं सांगायचं राहिलं होतं. ते मी सांगितलं. ते त्याला स्वच्छ ऐकू आलं.