डबलभाऊंचा हौदा

डबलभाऊंना एक स्क्रू कधी पुरला नाही. जिथे एक लागतो तिथे ते दोन मारत, मग हाताने हलवून पाहत आणि म्हणत, "राहू दे, अजून एक मारू." पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा अशा जेवणाला, त्यांच्या घरून वांग्याची भाजी यायची ती आधी फॉइलमध्ये, मग पिशवीत, वर दोरी. डबा उघडेपर्यंत आमच्या पोळ्या संपलेल्या असत. अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमधल्या मराठी मंडळींनी त्यांना हे नाव दिलं, आणि त्यांनी ते बिनतक्रार घेतलं.

भाऊ मूळचे नागपूरचे, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. पदवी मिळाली तेव्हा सगळे सॉफ्टवेअरकडे धावत होते, तेही धावले. इथे ते एका विमा कंपनीचे प्रोग्रॅम लिहीत. पण वाटेत पूल लागला की गाडी हळू करून त्याचे खांब पाहत. मागचे हॉर्न वाजवत. "माणूस ज्याच्यावर उभा राहील असं काहीतरी बांधायचंय यार, एकदा तरी," असं म्हणत. नागपुरात त्यांचा एक मित्र छोट्या पुलांची कामं घेई. तो भाऊंना बोलावत होता, अर्थात फार कमी पगारावर. वहिनी काही हो म्हणत नव्हत्या.

२००५च्या वसंतात भाऊंनी एक जुना, लहानसा पिकअप ट्रक घेतला आणि त्याबरोबर दोन डर्ट बाईक, म्हणजे डोंगरात, चिखलात पळवायच्या मोटारसायकली. दुसरी कोणासाठी, असं मी विचारलं. "तुझ्या वहिनीसाठी. एकटा जाऊन काय करू?" ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाने ट्रकच्या हौद्याचा तळ खाल्ला होता. वहिनी कौतुकाने वर चढल्या आणि त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला.

पाय तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, पूल बांधायला निघालात ना? आधी हे बांधा. ह्यात दोन्ही गाड्या घालून डोंगरात जाऊन येऊ. काही तुटलं नाही, तर मी नागपूरला यायला तयार आहे."

भाऊंच्या अपार्टमेंटला गॅरेज नव्हतं, म्हणून परीक्षा माझ्या गॅरेजमध्ये सुरू झाली. दर शनिवारी सकाळी ते दार वाजवत. तळाखाली लोखंडी अँगल आडवे बसवले, मग त्यांच्यामध्ये आणखी तितकेच. वर जाड प्लायवूडचे दोन थर, मध्ये ग्लू. प्रत्येक बोल्टला दोन नट. गाड्या बांधायच्या पट्ट्यांसाठी कड्या लावल्या, त्या एखादी बोट बांधता येईल अशा. काम संपलं तेव्हा ट्रक मागून बसला होता आणि त्याचे हेडलाइट झाडांच्या शेंड्यांकडे बघत होते. हौदा रिकामाच होता.

मला राहवलं नाही. "भाऊ, दाराच्या कडेला स्टिकर आहे. हा ट्रक बाराशे पौंड पेलतो."

"मग?"

"दोन गाड्या आणि तुम्ही दोघं, सातशे ऐंशी. तुमचं लोखंड आणि लाकूड, पाचशे चाळीस."

"हिशोब काय करून राहिला यार! मी तर मजबुती वाढवली."

"हौद्याची. खालच्या स्प्रिंगा त्याच आहेत."

भाऊ मटकन खाली बसले. "म्हणजे पूल उभा झाला, पण त्याच्यावरून कोणी जायचं नाही?"

थोडं काढून टाकू, असं मी सुचवलं. दोघं पाने घेऊन ट्रकखाली शिरलो. जेवणाच्या वेळेपर्यंत एक नट निघाला. "पाहिलं?" घाम पुसत भाऊ अभिमानाने म्हणाले, "निघतच नाही!"

वहिनी डबा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "भावजी, किती जास्त होतंय?"

"एकशे वीस पौंड."

"आणि ह्यांचं वजन?"

"एकशे पंचाण्णव," भाऊ हळूच म्हणाले.

"मग सोपं आहे. तुम्ही उतरा, मी चालवते."

तसंच झालं. पुढच्या रविवारी पुढे माझी मिनीव्हॅन, मागे ट्रक. स्टिअरिंगवर वहिनी. भाऊ माझ्या मागच्या सीटवर उलटे, गुडघ्यांवर बसून, काचेतून ट्रककडे बघत. खड्डा आला की ते सीटची पाठ घट्ट धरत. "हळू, हळू," ते काचेला सांगत. डोंगरात वहिनींनी मोटारसायकल भाऊंपेक्षा जास्त चालवली आणि पडल्याही कमी.

संध्याकाळी माझ्या ड्राइव्हवेत ट्रक थांबला. गाड्या उतरवल्या. वहिनींनी टॉर्च मागितला आणि त्या पाठीवर झोपून ट्रकखाली गेल्या. भाऊ आणि मी त्यांच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहत उभे होतो. भाऊंनी माझा दंड धरला होता, तो दुखायला लागला.

वहिनी बाहेर आल्या. त्यांनी हात झटकले.

"अहो, तिकिटं काढा."

ऑक्टोबरात ते दोघं नागपूरला गेले. आता गॅरेजमध्ये आमची गाडी मावते आणि हिवाळ्यात काचेवरचा बर्फ खरवडावा लागत नाही. तसा फायदाच आहे. तरी शनिवारी सकाळी मी तिथलं दार उघडतो, जरा वेळ उभा राहतो, आणि बायकोने हाक मारली की आत जातो.