शून्यावर अडकलेला काटा

१२ मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. ठाण्याच्या दैनंदिनीत ही नोंद माझ्याच अक्षरात आहे. त्या दिवशी जे घडले ते विसरणे मला शक्य नाही, आणि त्याची इच्छाही नाही.

मी तेव्हा महाडला ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. चवदार तळ्यावरील वीस तारखेच्या बंदोबस्ताचा आराखडा टेबलावर पसरलेला होता. तेवढ्यात फोन वाजला. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांचा होता.

"साहेब, चोरी झाली आहे. वस्तू नखाएवढी आहे, पण माणूस मारू शकते."

कारखान्यात नवी पाइपलाइन टाकली जात होती. वेल्डिंगचे सांधे पक्के आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी त्यांचे किरणांनी फोटो काढतात. जड धातूच्या पेटीत किरणोत्सारी पदार्थाची एक कुपी असते. काम करताना ती काळ्या लवचिक नळीतून सांध्यापर्यंत ढकलायची आणि फोटो झाला की परत पेटीत ओढून घ्यायची. कुपी परत आली की नाही, हे किरण मोजणारा मीटर सांगतो. काटा शून्यावर आला की काम संपले.

त्या सकाळी काढलेल्या तिन्ही फिल्म कोऱ्या निघाल्या. पेटी रिकामी होती. आदल्या संध्याकाळचा शेवटचा फोटो मात्र स्वच्छ आला होता. हे फोटो काढणाऱ्या ठेकेदाराच्या ऑपरेटरने मीटर घेऊन सगळा परिसर पालथा घातला. काटा जागचा हलला नाही. त्यावरून कंपनीने निष्कर्ष काढला की कुपी आवारात नाही, म्हणजे ती कोणीतरी बाहेर नेली. त्यांना चोरीचा गुन्हा नोंदवून हवा होता.

मी गुन्हा लगेच नोंदवला नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवले, मुंबईहून अणुऊर्जा विभागाचे पथक मागवले आणि कारखाना गाठला. पथकाला पोहोचायला दुपार उलटणार होती. तोपर्यंत ती कुपी कोणाच्या खिशात असेल, कोणाच्या अंथरुणाशी असेल, हे शोधणे माझे काम होते.

ऑपरेटर पस्तिशीचा, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. नियमाने कामावर दोघे हवेत. जोडीदार शिमग्याच्या पालखीला गावी गेला होता. याने रात्री काही चोरले असेल असे मला त्याच्याकडे पाहून वाटले नाही. चोर प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी दाराकडे पाहतो. हा खाली पाहत होता. मात्र एक गोष्ट खटकली. "मीटर शून्य होता" हे त्याने पाच वेळा सांगितले, आणि मीटर समोर टेबलावर असूनही एकदाही त्याच्याकडे पाहिले नाही.

मी रीडिंगचे रजिस्टर मागितले. पान नीटनेटके होते. एकच शाई, एकच वळण, प्रत्येक ओळीत शून्य. मी तारखांवरून बोट फिरवले आणि शेवटच्या ओळीवर थांबलो.

"आज तारीख किती?"

"बारा, साहेब."

"ही तेराची नोंद. उद्याचं रीडिंग आज घेतलंस?"

त्याने अंगठ्याने ती ओळ झाकली.

"आणि ही आठ तारीख. त्या दिवशी कारखान्याला सुटी होती. त्या दिवशीही शून्य?"

"सुटीला काय येनार साहेब? शून्यच की."

माझ्यामागचे हवालदार हसले. मी हसलो नाही.

"रोज शून्यच येतो," तो हळूच म्हणाला. "म्हनून आठवड्याचे एकदम लिवतो."

मी मीटरचे मागचे झाकण उघडायला लावले. सेल फुटून आत पांढरट हिरवा थर साचला होता. पट्ट्या गंजलेल्या होत्या.

"कधीपासून?"

"पंधरा दिस झाले. सेल बदलून बगितले, तरी काटा हलत नाय. मुंबईला दुरुस्तीला पाठवला तर काम बंद. ठेकेदार बोलला, शिमगा होऊ दे, मग बगू."

इथे तपासाची दिशा फिरली. जो मीटर मेलेला आहे, त्याने "इथे काही नाही" म्हटले याला अर्थ नाही. चोरी झाल्याचा एकमेव पुरावा तो शून्य होता. तो गेल्यावर चोरीही गेली. कुपी कोणी नेली हा प्रश्न उरला नाही. ती काल शेवटच्या फोटोनंतर परत आलीच का, हा प्रश्न उरला.

त्याच वेळी ठाण्यातून वायरलेसवर निरोप आला. वीर स्टेशनवर रिक्षा लावणारा एक चालक स्वतःहून ठाण्यात आला होता. मी त्याला वायरलेसवर घेतले.

"साहेब, स्टँडवर बोलतात की कंपनीची काळी पेटी हारवलीय. पेटी मी नाय नेली हां! पन काल संध्याकाळी कंपनीतल्या त्या फोटोवाल्या मानसाला बिरवाडीला सोडला. त्याच्याकडं काळा पाइप होता, गुंडाळलेला. मी बोललो पन, काय रे, साप धरलायस काय?"

मी ऑपरेटरकडे पाहिले. त्याचा चेहरा उतरला होता.

"स्टोरवाला साडेपाचला कुलूप लावतो, मग नळी ठेवायला जागा नाय," तो म्हणाला. "पेटी जमिनीतल्या कुलपाच्या खड्ड्यात ठेवावीच लागते. नळी काय, नुसती नळी. आम्ही रोज खोलीवर नेतो. न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला खुंटीवर टांगतो. आज सकाळी दुसरी नळी लावली." मग एकदम उभा राहिला. "साहेब, तिथं घरमालकीन दुपारी धुनी धुते."

अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती.

बंदोबस्तासाठी आणलेला दोर जीपमध्ये होता. आम्ही बिरवाडीत पोहोचलो तेव्हा म्हातारी कपड्यांची बादली घेऊन परसात निघाली होती. धुण्याचा दगड खुंटीच्या बरोबर खाली होता. महिला हवालदाराने तिला पायरीवरच गाठले.

"आजी, बादली ठेवा. चला बाहेर."

"ठेवा म्हंजे? तू धुनार हायस का गो?"

"धुते. पण इथं नाही."

"काय झालाय? कोन मेला?"

"कोणी नाही. म्हणूनच चला."

माझ्याजवळ चालणारा मीटर नव्हता. एवढेच कळत होते की अंतर हेच संरक्षण. घरापासून चहूबाजूंनी शंभर पावले मोजली, दोर बांधला, आतली सहा घरे रिकामी केली. माझ्या शिपायांनी पथक येईपर्यंत चार तास उन्हात तो दोर राखला. एकानेही तक्रार केली नाही, एकही माणूस आत गेला नाही.

चार वाजता पथक आले. पथकप्रमुखांनी दोरापाशी आपला मीटर धरला, आणखी चार पावले आत जाऊन पुन्हा पाहिला.

"दोर कोणी लावला?"

"मी."

"आम्हीही इथेच लावला असता."

सेवेत मला पदक मिळाले. हे वाक्य मी त्याच्या बरोबरीने ठेवतो.

कुपी ढकलणाऱ्या तारेपासून सुटून नळीच्या टोकालाच अडकलेली होती. लांब चिमट्यांनी त्यांनी ती शिशाच्या भांड्यात घेतली. म्हातारी, रिक्षाचालक आणि ऑपरेटर यांची रक्ततपासणी पुढे कित्येक आठवडे चालली. ऑपरेटरच्या खांद्यावर, नळी अडकवली होती तिथे, भाजल्यासारखा चट्टा उठला आणि सावकाश भरला. बाकी दोघांना काही झाले नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा मी ठेकेदारावरही नोंदवला. ऑपरेटरने जबाबात काही लपवले नाही, तेही मी दोषारोपपत्रात लिहिले.

साक्षीदार काय सांगतो हे ऐकण्याआधी तो शुद्धीवर आहे की नाही हे पाहावे, ही गोष्ट मी त्या दिवशी एका यंत्राकडून शिकलो. पुढे नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना मी तेच सांगितले: ज्या कागदावर कधीच काही बिघडत नाही, त्या कागदापासून तपास सुरू करा.

सहाच्या सुमारास दोर सोडला. तरी कोणी आत जाईना. शेजारी म्हणू लागले, त्या घरात विष भिनलेय. भाडेकरूंनी पिशव्या भरल्या. म्हातारी रस्त्यातच उभी होती. चार खोल्यांच्या भाड्यावर जगणारी बाई. त्या शब्दाने तिचे घर कायमचे रिकामे झाले असते.

पथकप्रमुखांना मी आधीच विचारले होते. कुपी फुटलेली नव्हती. ती गेली की मागे काही राहत नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले होते.

मी सगळ्यांदेखत परसात गेलो, टोपी काढली आणि खुंटीखालच्या दगडावर बसलो.

"आजी, चहा ठेवा. साखर कमी."

"आमच्या घरचा पिशील, साहेब?"

"त्यासाठीच बसलोय."

तिने चहा आणला. रस्त्यात उभे असलेले लोक एकेक करून कुंपणाशी आले. मी कप रिकामा केला आणि दुसरा मागितला.