फळीचं दुसरं टोक

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, लाकडाच्या कारखान्यात फळ्या कापायचे. एकटे नाही. त्यांच्या करवतीला दोन माणसं लागत, एक पुढून फळी ढकलणारा आणि एक मागून ओढणारा. कारखान्यात दोघांना नावानं कुणी हाक मारत नसे. दाजी ढकल्या आणि त्यांचा जोडीदार ओढ्या. पगाराच्या दिवशी कारकून 'ढकल्या-ओढ्या' असं एका दमात पुकारायचा, आणि एकच पुढे आला तर विचारायचा, "उरलेला अर्धा कुठं आहे?"

त्या करवतीचा आवाज कान फाटतील असा. मधे भुशाचा धुरळा, त्यामुळे एकमेकांचं तोंडही धड दिसायचं नाही. जे काय बोलायचं ते फळीतून. ओढ्यानं फळी जरा दाबून धरली की दाजींना कळायचं, लाकडात गाठ आहे, बेतानं. त्यानं बारीक हिसका दिला की सोड. हिसका हाताला लागल्याशिवाय फळी सोडायची नाही, हा तिथला पहिला नियम. दाजी नवखे असताना, ओढ्या यायच्या आधी, त्यांनी एकदा घाईनं फळी सोडली होती. पात्यानं ती उलटी भिरकावली आणि ती त्यांच्या पोटात बसली. तो वळ अजून आहे. तेव्हापासून दाजी कुठलीच गोष्ट समोरच्यानं नीट धरल्याशिवाय सोडत नाहीत. चहाचा कप दिला तरी क्षणभर धरून ठेवतात. मी चिडतो. माझा मिक्सर-पंखे दुरुस्तीचा धंदा, त्यातून स्वभाव तापट. "सोडा की दाजी, पळून नाही जात मी," असं कितीदा म्हटलं असेल.

मग बाहेरून तयार कापलेल्या फळ्या स्वस्तात यायला लागल्या आणि मालकानं फाटकावर नोटीस लावली. थोड्या महिन्यांत कारखाना बंद, सगळ्यांना सुट्टी. दाजींची पन्नाशी उलटलेली, पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ताईनं नोटीस ऐकली आणि भाजी चिरता चिरता एवढंच विचारलं, "आता ह्या वयात कोण घेणार?"  

एक गोष्ट मात्र सरकारनं वेळेवर केली. कामगार रस्त्यावर यायच्या आधीच रोजगार मदत केंद्राचं एक टेबल कारखान्याच्या कँटीनमध्ये मांडलं. टेबलामागे एक मॅडम, नाकावर घसरणारा चष्मा, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटावं. मी सरकारी माणसांना नावं ठेवायला एका पायावर तयार असतो, पण ह्या बाईंना नाही ठेवणार. त्यांनी दाजींना विचारलं, तुम्ही काय काम करता?

दाजी म्हणाले, "आम्ही फळ्या कापतो."

मॅडम म्हणाल्या, आम्ही नको, तुम्ही काय करता ते सांगा. तर दाजी मागे वळून ओढ्याकडे बघायला लागले. मॅडम हसल्या, पण त्यांना अडचण कळली. केंद्राच्या हिशेबात माणसं एकेक होती. जोडी असा प्रकारच तिथं नव्हता.

तरी बाई लागली कामाला. शहराबाहेर एक फर्निचरचा कारखाना होता, तिथं एक जागा निघाली. पहिले काही महिने अर्धा पगार सरकार देणार, म्हणून त्यांनाही पन्नाशीतला माणूस चालणार होता. अटी दोन. यंत्रावर काम करून दाखवायचं, आणि नेमणूक दाजींचा कारखाना बंद व्हायच्या आत व्हायला हवी. नंतर मॅडमचं टेबल उठणार होतं आणि उरलेल्यांची नावं शहरातल्या मोठ्या कचेरीत जाणार होती. तिथून बोलावणं येईस्तोवर पोरीचं शिक्षण सुटलंच म्हणून समजा. मॅडमनी दाजींचं नाव पहिलं दिलं आणि ओढ्याचं दुसरं. दाजींचं जमलं नाही तर ओढ्या.

नवीन यंत्र एकट्यानं चालवायचं होतं. फळी पात्यात सारायची, शेवटचं टोक काठीनं पुढे लोटायचं आणि सोडून द्यायचं. पुढे रूळ असतात, ते फळी आपोआप घेऊन जातात. ऐकायला सोपं. पण दाजी सोडणार कसे?

ह्यावर तोड काढली ती ओढ्यानंच. संध्याकाळी आमच्या ताईच्या ओसरीत दोन स्टुलं मांडली, वर एक फळी ठेवली. दाजींनी ढकलायचं. पलीकडे ओढ्या उभा राहणार, पण ओढणार नाही. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून नुसता उभा. आणि यंत्र कोण? मी. मधे उकिडवा बसून घशातून घर्रर्र आवाज काढायचा. शेजारची माणसं बघायला जमली. ताई दारातून म्हणाली, ह्या घरात एक शहाणा होता, आता तोही गेला.

पहिल्या दिवशी दाजी टोकाशी आले आणि थांबले. फळी धरून, मान खाली घालून, हिसक्याची वाट बघत. मी घर्रर्र करून दमलो. ओढ्या पलीकडून म्हणत राहिला, "सोड रे. मी नाहीये इथं." मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. मग हळूहळू, रोज थोडं थोडं, दाजींच्या हातांना पटलं. एका संध्याकाळी त्यांनी टोक काठीनं लोटलं आणि हात मोकळे सोडले. फळी धाडकन ओढ्याच्या पायाशी पडली. सगळ्यात जास्त आनंद ओढ्याला झाला. त्यानं ताईकडे चहा मागून घेतला.

दाजींचे हात शिकले. ओढ्याला मात्र रोज हात काखेत दाबून का ठेवावे लागतात, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

परीक्षेला मीच दोघांना घेऊन गेलो. मॅडम आधीच येऊन थांबल्या होत्या. तो कारखाना म्हणजे दवाखान्यासारखा स्वच्छ, भुसा औषधालाही नाही. यंत्राभोवती जमिनीवर पिवळा पट्टा. तिथल्या सुपरवायझरनं दोनदा बजावलं, पातं फिरत असताना चालवणाऱ्याखेरीज पट्ट्याच्या आत कुणी पाय टाकायचा नाही. ओढ्याला आणि मला भिंतीकडेच्या बाकावर बसवलं.

दाजींनी पहिली फळी कापली. टोक लोटलं, सोडलं. दुसरी तशीच. मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी मनात पोरीची फी भरूनसुद्धा टाकली.

तिसरी फळी लांब होती, जड होती, आणि मधे गाठ. पातं गाठीत शिरलं तसा आवाज घोगरा झाला आणि फळीचं पुढचं टोक थरथरायला लागलं. नवीन यंत्राला त्याचं काही नव्हतं, ते सांभाळून घेत होतं. पण माझ्या शेजारचा बाक हलका झाला. मी वळून बघेपर्यंत ओढ्या पट्टा ओलांडून पलीकडे पोहोचला होता आणि त्यानं फळी दोन्ही हातांनी धरली होती. त्यानं हिसका दिला. दाजींनी सोडली. फळी अशी सरळ कापली गेली की बघत राहावं. आणि मी शपथेवर सांगतो, नोटीस लागल्यापासून दाजींच्या तोंडावर जे नव्हतं ते समाधान त्या घडीला होतं.

मग सुपरवायझरनं लाल बटण दाबलं.

तो माणूस ओरडला नाही, हेच जास्त लागलं. म्हणाला, फिरत्या पात्यापाशी धावणारा माणूस मी घेऊ शकत नाही. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, पण ह्यांचं काय, ह्यांनी तर नीट केलं. तो म्हणाला, ह्यांनी पलीकडे माणूस आलेला पाहिला आणि यंत्र थांबवलं नाही. उद्या दुसरा कुणी असेल, त्याचा हात जाईल. मॅडमनी पुन्हा एक संधी मागितली, अगदी हात जोडायच्या बेतात आल्या. माझा तोल गेला, मी नाही नाही ते बोललो. त्यानं काय होणार होतं? खरं सांगायचं तर त्या माणसाचं काही चुकलेलं नव्हतं. ओढ्या आपल्या हातांकडे बघत उभा होता, ते दुसऱ्याचे असल्यासारखं.

घरी ताई भडकली. तिचं म्हणणं, ओढ्यानं मुद्दाम केलं. ह्याचं बिघडलं की आपली पाळी येईल, एवढा हिशेब त्यालाही कळतो. मी तिला अडवलं नाही, कारण येताना रस्त्यात तोच विचार माझ्याही मनात डोकावून गेला होता.

दाजींनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मुद्दाम ओढलं असतं तर मला फळीतून कळलं असतं."

ताई म्हणाली, फळीतून कळतं तर मग पोट भरा आता फळीवर. आणि आत जाऊन रडली.

ती जागा तिसऱ्याच कुणाला तरी मिळाली. मॅडमनी शेवटपर्यंत फोन फिरवले, पण जुळलं काही नाही. ओढ्या कामावर यायचाच बंद झाला. निरोप धाडला तर भावाच्या घरून उत्तर यायचं, बरं नाही.

शेवटच्या दिवशी दाजींची हत्यारांची पेटी आणायला मी गेलो. कँटीनमधलं टेबल घडी करून भिंतीला टेकवलेलं होतं. मॅडम उभ्या उभ्याच एकेकाचा निरोप घेत होत्या. दाजींना म्हणाल्या, "मला जमलं नाही हो." दाजींनीच त्यांना म्हटलं, असू द्या.

ओढ्या आला होता. शेवटची फळी लावली, करवत सुरू झाली, आणि तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. हात काखेत दाबून. डोळे खाली. आता तरी ओढायचं नाही असं त्यानं ठरवलेलं दिसलं, उशिरा का होईना.

दाजींनी ढकलत ढकलत फळी टोकाशी आणली आणि थांबले. सोडायला आता ते शिकले होते, मी स्वतः मधे बसून शिकवलं होतं. तरी सोडेनात. पातं नुसतं फिरत राहिलं. फोरमननं लांबून हात केले, कुणी लक्ष दिलं नाही. त्या आवाजात दाजींचं बोलणं ऐकू येणं शक्यच नव्हतं, मला ते फक्त ओठांवरून कळलं.

"ओढ की रे."

ओढ्यानं हात काढले आणि फळी धरली. दाजींनी लगेच सोडली नाही, थोडा वेळ दोघंही तसेच धरून उभे राहिले. मग फोरमननं करवत बंद केली.