मोर्चातला कोपर

आमच्या आत्याबाई आल्यागेल्याला स्वतःचा कोपर दाखवायच्या. अंगावरचा नव्हे, फोटोतला. विणकर सोसायटीच्या हॉलमध्ये सुताच्या मोर्चाचा ग्रुप फोटो आहे. त्यात अगदी उजव्या कडेला एक कोपर. "हा माहा. बाकीची मी चपलांपाशी होती."

आत्याबाई म्हणजे माझ्या आतेसासू. चार माणसं जमली की त्या चपला राखायला बसत. एकदा त्यांचीच चप्पल चोरीला गेली होती, तेव्हापासून. मागांना सूत मिळेना, तेव्हा वस्तीतल्या बायकांना घरोघरून त्यांनीच बाहेर काढलं, घसा बसेस्तोवर घोषणा दिल्या. शेवटी फोटोसाठी सतरंजी अंथरली, सगळ्यांनी चपला उतरवल्या, आणि या गेल्या राखायला.

आणि मी? नवी नवरी, डबा घेऊन आलेली. तोंडावर पावडरीचा थर. फोटोग्राफर ओरडला, "ओ जांभळी साडी, मधात बसा!" बसले. मूठही वर केली, बांगड्या दिसाव्यात म्हणून.

त्या मोर्चाचा तेवढा एकच फोटो. पुढे तो पुस्तकांत गेला. गेल्या वर्षी देशाच्या इतिहासाचं प्रदर्शन शहरात आलं, आम्ही दोघी बघायला गेलो, तर तिथेही भिंतभर तोच. माझी मूठ परातीएवढी. खाली लिहिलेलं : 'मोर्चाचं नेतृत्व करणारी विणकर स्त्री.' मागावर मी आजवर फक्त ओले कपडे वाळत टाकलेत.

आत्याबाई उजव्या कडेला गेल्या. भिंत संपत होती, तिथे फोटो कापला होता.

"कोपर कुठी गेला वं?"

मी तिथल्या माणसाला गाठलं. म्हटलं, मोर्चा यांनी काढला होता, मी नाही. तो नम्रपणे म्हणाला, "पण आजी, फोटोत त्या दिसत नाहीत ना."

आत्याबाईंनी आपला कोपर चोळला. "राहू दे वं. तू मस्त दिसून राहिली."

त्यानंतर त्यांनी कोणाला कोपर दाखवला नाही. दिवाळीच्या तोंडावर गेल्या. मला रडू आलं नाही; अजूनही येत नाही.

तेराव्याला सगळे जमले. नातीने मोबाईल काढला. "आजी, मधात बस ना."

"काढा तुम्ही," मी म्हटलं. दाराशी चपलांचा ढीग पडला होता. तिथे कोणीच नव्हतं. जाऊन बसले.