सुशीलाचं खुराडं

मीरा, ईशान — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, म्हणूनच मराठीत लिहिते आहे. सावकाश वाचा.

मीरा, परवा फोनवर तू म्हणालीस, बर्ड फ्लू घराघरांतून कसा पसरेल त्याचं मॉडेल करते आहेस, आणि माझी जुनी वही हवी आहे. वही पाठवते. पण तिच्यात एक गोष्ट लिहिलेली नाही.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मीही तेच गणित मांडत होते. शेडमधल्या कोंबड्या मोजता येतात. अंगणातल्या कुठे कुठे जातात, हे कोण सांगणार? सांगितलं ते सुशीलानं — आपल्याकडे स्वयंपाकाला येते ती, तुम्हाला सुट्टीत उकडलेली अंडी सोलून द्यायची. कोराडी रस्त्यावरच्या तिच्या वस्तीत एखादीची कोंबडी खुडूक झाली की ती कोंबडी शेजारणीच्या घरी तिची अंडी उबवायला जाते. पिल्लं निम्मी-निम्मी. कोणाची कोंबडी कोणाकडे, तिनं बोटांवर मोजून सगळी घरं सांगितली. मी नावांसकट लिहून घेतली. नावं माझ्याजवळच राहतील, असा शब्द दिला.

मग त्या वस्तीत कोंबड्या मरू लागल्या. वहीतली नावांची पानं मी पशुसंवर्धन खात्याच्या अधिकाऱ्यांना दिली. द्यायलाच हवी होती, हे मी आजही म्हणेन. पण सुशीलाला आधी सांगायला काय झालं होतं मला? पथक नेमकं त्याच घरांत गेलं. पलंगाखाली लपवलेल्या कोंबड्याही त्यांनी बाहेर काढून मारल्या. सुशीलाच्याही.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या चार बाया आपल्या फाटकाशी आल्या.

"काहून वं सुशीला, आमची नावं तूनंच देल्ली नं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमीच सांगा ना यायले."

नावं मी दिली — एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, दूध उतू जाईल, आणि आत गेले. गॅसवर काही नव्हतं. बंद शेगडीसमोर मी उभी राहिले, बाया जाईपर्यंत.

कशाला भ्याले मी? त्या मला शब्दाची पक्की समजत होत्या — त्यालाच बहुतेक.

थोड्या वेळानं सुशीला आत आली आणि कणीक मळायला बसली. वस्तीत जाऊन खरं सांगायला मी कधीच गेले नाही.

साथ गेली, वस्तीत पुन्हा कोंबड्या आल्या. सुशीलाला मात्र कोणी खुडूक कोंबडी देत नाही. मीरा, तुझ्या मॉडेलमध्ये घरं जोडणाऱ्या रेघांपैकी एकही आता तिच्या घराकडे जाणार नाही.

ती अजून रोज सकाळी दहाला येते. तिच्या घरच्या अंगणात खुराडं अजून आहे. त्यात ती सरपण ठेवते.