उत्कर्षाताईंच्या ओरड्याची किंमत

जर्मनीत र्युसेल्सहाइमला नव्याने आलेल्या मराठी इंजिनिअरच्या बायकोला, आईला, सासूला सगळे एकच सांगत: आधी उत्कर्षाताईंकडे जा आणि ओरडा खाऊन ये.

ताई जर्मन शिकवायच्या. म्हणजे विद्यार्थिनी चुकली की कपाळावर हात मारून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्याचबरोबर घर बघायला जाऊन घरमालकाशी भांडून यायच्या. वर्गाचं नाव पुण्या-नागपुरापर्यंत पोचलं होतं.

२०१४ साली घटस्फोटाच्या वेळी हे नावच ताईंच्या अंगाशी आलं. अनुप, म्हणजे त्यांचा नवरा, मोटारींचे ब्रेक तपासणारा अत्यंत सज्जन माणूस. स्वतःचे मात्र कधी लावले नाहीत. त्याच्या वकिलाने लिहिलं की वर्ग लग्नानंतर उभा राहिला, तेव्हा वर्गाच्या गुडविलची, म्हणजे नावलौकिकाची, किंमत धरा आणि निम्मा वाटा द्या. तेवढा द्यायचा तर वर्गच विकावा लागणार होता.

"वर्ग विकणार नाही," ताईंनी आपल्या वकिलाला सांगितलं. "बाकी काय विकायचं ते बोला."

कोर्टाने नेमलेले मूल्यमापक फोल्मर वर्गात येऊन बसले. त्यांचा हिशोब सरळ होता. दारावरची पाटी दुसऱ्याच्या हाती देऊनही गिऱ्हाईक टिकलं, तर ते गुडविल विकता येतं, म्हणून वाटणीत येतं. गिऱ्हाईक माणसामागे निघून गेलं, तर वाटायला काही उरत नाही.

पण पाहुण्यांसमोर आपल्या माणसाची स्तुती करायची, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

"वर्ग फारच प्रसिद्ध आहे," पुढच्या बाकावरची कीर्ती सुंदर जर्मनमध्ये म्हणाली. "पुण्यात व्हिसाच्या रांगेतसुद्धा नाव ऐकू येतं."

"प्रवेशाला तीन-तीन महिने थांबतात लोक," तिच्या शेजारच्या विभावरीने भर घातली.

फोल्मर आनंदाने लिहू लागले.

"अगं बायांनो, तोंडं आवरा," ताई मराठीत म्हणाल्या. "कौतुक करकरून मला रस्त्यावर आणाल." मग जर्मनमध्ये फोल्मरना म्हणाल्या, "तुम्हीच विचारा. मी नसले तर काय?"

फोल्मरनी विचारलं, "हीच पाटी, हीच खोली. उद्यापासून दुसऱ्या बाई शिकवतील. चांगल्या, शांत स्वभावाच्या. याल?"

कीर्तीने विभावरीकडे पाहिलं. "येऊ की," ती म्हणाली. "थोडे दिवस."

"नाइन," मागच्या बाकावरून गयाबाई म्हणाल्या, म्हणजे नाही. नागपूरहून मुलाकडे राहायला आलेल्या या बाईंचं जर्मन तिथेच संपलं. पुढचं त्या मराठीत बोलल्या आणि कीर्तीने भाषांतर केलं. "ती बाई चुकल्यावर गोड हसेल. गोड हसायला घरी सून आहे माझी. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात कोण बसलं होतं? पाटी बसली होती का?"

यावर कोणी 'येऊ की' म्हणालं नाही. फोल्मरनी आधीच्या दोन ओळींवर काट मारली.

अहवालात गुडविल जवळजवळ शून्य आलं. उरली ती बाकं. त्यांच्या किमतीचा निम्मा वाटा ताईंनी अनुपला त्याच आठवड्यात धाडला.

त्या दिवशी वर्गात मात्र फोल्मर दाराबाहेर पडताच ताईंनी पुस्तक उघडलं.

"मावशी, 'नाइन' झकास. दोन वर्षांत तेवढंच शिकलात का? उभ्या राहा."

गयाबाई हसत उभ्या राहिल्या.